टेलचा सोपानराव

नानांच्या शेडमध्ये पहिल्यांदा शिरणारा माणूस कपाळावर आपटून घ्यायचाच. दारातून एक पाऊल आत टाकलं की डोक्याच्या उंचीवर एक लोखंडी दांडी आडवी होती, आणि गच्चीवरच्या झगझगीत उन्हातून आत आलेल्याला ती दिसायची नाही. ठण्ण आवाज झाला की शेडच्या दुसऱ्या टोकाला कुंड्यांवर वाकलेले नाना मान वर न करता म्हणायचे, "झाली हजेरी! या आता." गॅसवाला आपटला, नानांचे जावई आपटले, मी आपटले. माझं टेंगूळ बघून नाना मनापासून हळहळले, पण दांडीला साधं फडकंसुद्धा त्यांनी कधी गुंडाळलं नाही.

"काट्यात जाताना मानसानं वाकून जावं," ते म्हणाले. "आता न्हाई लागायची तुमाला. एकदा लागली की अंगाला ठावं हुतं."

आणि खरंच, पुन्हा कधी लागली नाही. पाय आत पडायचा आणि मान आपोआप खाली जायची.

बँकेच्या बदलीनं मी संगमनेरला आले तेव्हा नाना आमचे शेजारी झाले. दोन्ही घरांच्या गच्च्यांमध्ये कमरेएवढी भिंत. पलीकडे अर्धी गच्ची व्यापून नानांची ती शेड उभी होती. जुन्या लोखंडी अँगलचा सांगाडा, वर कुणा ढोबळी मिरचीवाल्याच्या पॉलीहाऊसचा टाकून दिलेला प्लॅस्टिकचा कागद, त्यावर हिरवी जाळी. आत फळ्यांच्या पायऱ्यांवर निवडुंगच निवडुंग: बोराएवढे, नारळाएवढे, उभे, आडवे, केसाळ, टकले. ज्या निवडुंगाला लोक बांधावरून उपटून फेकतात, त्याला हा माणूस कुंडीत घालून, खाली बारीक खडी पसरून, वर कागद ताणून पोसत होता. गल्लीला हे वेड वाटायचं. घरात काटेरी झाड ठेवलं की भांडणं होतात, असं समोरच्या घरातल्या काकूंनी मला पहिल्याच आठवड्यात बजावून सांगितलं. यावर नानांचं उत्तर तयार असायचं. "भांडनं आधीपासून हुती. झाडं नंतर आनली."

नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले पाटकरी. कालव्याचं पाणी शेतकऱ्यांना ठरल्या पाळीनं सोडायचं, पाळी संपली की दार पाडायचं, आणि मधे कुणी चोरून पाणी घेतलं तर त्याला पकडायचं, ही त्यांची नोकरी. उंच, कमरेत किंचित वाकलेले, अंगात नोकरीच्या काळातला खाकी शर्ट. त्याच्या खिशात एक चिमटा कायम असे. दुसरे लोक बोलता बोलता सुपारी कातरतात, नाना बोलता बोलता बोटातले काटे उपटत. काटा निघाला की तो उन्हाकडे धरून बघायचे आणि कुणाचा आहे ते ओळखायचे. "ह्यो शंकररावचा. वाकडा असतोय त्याचा."

शंकरराव म्हणजे एक निवडुंग. नोकरी सुटली तरी नानांचा पाट सुटला नव्हता. शेडच्या फळ्यांना ते चाऱ्या, म्हणजे कालव्याचे छोटे फाटे, म्हणत, आणि प्रत्येक झाडाला त्यांनी आपल्या कालव्यावरच्या शेतकऱ्याचं नाव दिलं होतं. दाराजवळची झाडं हेडची, शेवटच्या कोपऱ्यातली टेलची. कालव्याचं पाणी हेडच्या लोकांना पोटभर मिळतं आणि टेलला पोचेपर्यंत आटतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. नानांच्या शेडमध्ये मात्र पाणी टेलकडून हेडकडे यायचं. "नियम तसाच हाय," ते छाती काढून सांगत. "खात्यात कुनी पाळला न्हाई, मी हितं पाळतो."

झाडांना पाणी घालणं हा शब्दच त्यांच्या तोंडी नव्हता. आवर्तन सुटायचं. उन्हाळ्यात ठरल्या पाळीनं, पावसाळ्यात आभाळ बघून, आणि दिवाळी झाली की पाट बंद. शेडच्या दाराला एक पाटी होती, तिच्यावर खडूनं "पाट बंद आहे. विनंती करू नये" असं लिहिलं जायचं, ते होळीपर्यंत. त्या काळात सगळी झाडं सुकून सुरकुतायची, आखडायची, मातीत बसायची. बघणाऱ्याचा जीव कासावीस व्हायचा. नाना मात्र खुशीत असायचे.

"थंडीत उपास घडला तरच उन्हाळ्यात कळी धरतंय," ते मला समजावत. "सारखं पाजत बसलं की ते नुसतं फुगतंय. आपल्याला काय कमी न्हाई म्हनतंय, मग कशाला फुलतंय?"

हे मला आधी कळायला हवं होतं. बँकेतल्या एका खातेदारानं दिलेला छोटा निवडुंग माझ्या खिडकीत होता आणि मी त्याला रोज सकाळी न विसरता चमचाभर पाणी घालत होते. तो पिवळा पडून कलंडला तेव्हा मी तो नानांना दाखवायला नेला. त्यांनी बोटानं दाबून पाहिलं. बोट आत गेलं.

"कोन पानी घालत हुतं?"

"मीच. रोज."

"रोज!" नाना माईंना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले. "ताई, ह्यो बुडून मेला. निवडुंग पान्यात बुडवनारं मानूस मी पयल्यांदा बघितलं."

माई म्हणजे नानांची बायको. माईंचं माहेर काष्टीकडचं, घरी काळी जमीन आणि दारात गुरं. बोलणं फटकळ आणि हात सढळ. माईंच्या दारात आलेला माणूस पाणी प्यायल्याशिवाय परत गेला नाही. कुत्र्याला पाणी, चिमण्यांना पाणी, टेम्पोवाल्याला पाणी आणि वर गूळ. त्या शेडला त्या "काट्याचा गोठा" म्हणत आणि तिच्यावर त्यांचा उघड राग होता, कारण गच्चीची ती दक्षिणेची बाजू त्यांच्या कुरडया-पापडांची होती. पाडव्यानंतर ऊन तापलं की दोघांनाही तीच जागा हवी असायची. नानांनी शेड उभी केली त्या वर्षी माईंनी कुरडया माझ्याआधीच्या भाडेकरूंच्या गच्चीवर वाळवल्या आणि शपथ घेतली की या गोठ्यात पाऊल टाकणार नाही. ती शपथ मी राहायला आल्यावरही चालूच होती. माई गच्चीवर यायच्या, मला हाक मारायच्या, भिंतीवरून डांगराची वाटी द्यायच्या, पण शेडकडे पाठ करून.

नानांना ही गोष्ट लागायची. ते बोलून दाखवत नसत, पण प्रत्येक फूल उमललं की जिन्याच्या तोंडाशी जाऊन ते खाली ओरडत, "आगं, शंकरराव फुलला गं! गुलाबी हाय!" खालून उत्तर यायचं, "त्याला म्हनावं आनंद हाय." नाना क्षणभर तिथेच उभे राहायचे आणि मग माझ्याकडे वळून म्हणायचे, "तुमी तर या, ताई." मी भिंत ओलांडून जायचे.

त्या फुलांचं वेळापत्रक अवघड होतं. चैत्राचं ऊन डोक्यावर आल्याशिवाय ती डोळा उघडायची नाहीत आणि सावली पडली की मिटायची. सकाळच्या गारव्यात कुणी बघायला आलं तर नाना त्याला परत पाठवत. "सायेब बाराशिवाय खुर्चीवर बसत न्हाईत." मग भर दुपारी, शेडमध्ये भट्टी पेटलेली, नाना डोक्यावर ओलं उपरणं टाकून हातात लहान मुलांच्या रंगपेटीतला ब्रश घेऊन या फुलाचे परागकण त्या फुलाला लावत फिरायचे. ही कामगिरी त्यांच्या लेखी सोयरीक जमवण्याची होती. "एकाच झाडाची दोन फुलं असली तर बी धरत न्हाई," त्यांनी मला एकदा गंभीरपणे सांगितलं. "सगोत्र पडतंय. झाडाला कळतंय, मानसाला सांगावं लागतंय."

पावसाळ्यात त्यांची खरी दैना. आमच्याकडे पाऊस तो किती! पण आभाळ भरून राहिलं, हवा दमट झाली की झाडांना बुडातून सड लागायची. नाना रोज फळ्यांवरून झाडं चेपत फिरायचे. सडलेलं सापडलं की धारदार सुरीनं आतला पांढरा गाभा लागेपर्यंत कापत जायचे आणि कापलेल्या जागी दालचिनीची पूड भरायचे. दालचिनी अर्थातच माईंच्या मसाल्याच्या डब्यातली. एका पोळ्याला माईंनी मला आमटी वाढली आणि वाढता वाढता म्हणाल्या, "मसाला जरा कमी लागंल. आमच्या यांनी दालचिनी जखमेला लावली." मी घाबरून विचारलं, कुणाच्या जखमेला? "त्या शंकररावच्या," माई म्हणाल्या, "काल आपरेशन झालं न्हवं त्याचं."

बोलण्यावरून वाटावं की या बाईला शेडशी काही घेणं-देणं नाही. आणि तरी कुठल्या झाडाचं काय चाललंय याची बित्तंबातमी त्यांना असायची. मला वाटायचं, नाना सांगत असतील.

आता सोपानराव. शेडच्या शेवटच्या कोपऱ्यात, टेलला, एक गोल, ढोलकीएवढा, पिवळ्या काट्यांचा निवडुंग होता. नानांनी निवृत्तीनंतर आणलेलं हे पहिलं झाड. बाकीची सगळी नंतर आली, वाढली, फुलली, त्यांची पोरंबाळंही फुलली. सोपानराव काही फुलला नाही. पुण्याकडून एक नर्सरीवाले आले होते, त्यांनी आधी रीतसर दांडीवर डोकं आपटलं आणि मग सोपानरावाला बघून सांगितलं की या जातीनं एव्हाना दरवर्षी माथ्यावर पिवळ्या फुलांचा झुपका काढायला हवा. थंडीत कोरडं ठेवता ना? नानांना तो अपमान वाटला. "मी? मला इचारता कोरडं ठेवता का?"

त्यांना या झाडाचा अभिमानही तितकाच होता. जानेवारीत सगळी झाडं सुकून सुरकुतलेली असताना सोपानराव मात्र टुमटुमीत. ते मला कौतुकानं दाखवायचे. "बगा ताई. हेडची मंडळी कशी वाळून गेली. आन् ह्यो टेलचा गडी बगा, महिनोन्‌महिने पान्याचा थेंब न्हाई तरी गाल कसे वर! ह्याला म्हनत्यात काटक. पिढ्यान्‌पिढ्या पानी न बघितलेली जात हाय ही."

मी एकदा विचारलं, की याचंच नाव सोपानराव का?

"टेलला हाय म्हनून," नाना म्हणाले. "आमच्या चारीच्या टेलला सोपानराव हुता. लई गप मानूस." एरवी एका शेतकऱ्यावर अर्धा तास बोलणारे नाना तेवढ्यावर थांबले आणि चिमट्यानं बोट कोरू लागले.

पाणीचोरांच्या गोष्टी मात्र ते रंगवून सांगायचे. एका गड्यानं कडब्याच्या गंजीखालून पाईप नेला होता. नाना सायकलवरून चालले होते, गंजीपाशी आले आणि थांबले. "ऐन उन्हात ओल्या मातीचा वास! कडब्याला असला वास येईल का?" गंजी उचलली, पाईप सापडला. दुसऱ्या एकानं बायकोला कालव्यावर धुणं धुवायला बसवून तिच्या बादलीमागून चर मारला होता. नानांनी धुणं मोजलं. एवढ्याशा धुण्याला सकाळपासून कोण बसतं? "माझ्या चारीवर पानी चोरून कुनी पचवलं न्हाई," ते म्हणायचे. "पानीचोर मला नजरंवरून कळतोय." माई हे खालून ऐकत असल्या तर भांडी जरा जोरात वाजायची.

सोपानरावावरून नवरा-बायकोत पैज लागली ती माझ्यादेखत. दिवाळीचा फराळ द्यायला मी गेले होते. नाना म्हणत होते की बाई, साऱ्या गल्लीनं माझी फुलं बघितली, तूच तेवढी राहिलीस. वय झालं आपलं. एकदा तरी वर येऊन बघ. बोलताना आवाज थोडा ओला झाला, तो त्यांनी खोकून लपवला. माई चकली तळत होत्या. म्हणाल्या, "तुमचा तो सोपानराव फुलला ना, त्या दिवशी येईन. मग तर झालं?"

"शब्द?"

"शब्द."

नानांनी मला साक्षीदार केलं. मला माईंचा धूर्तपणा आवडला. जे कधी घडणार नाही त्याचाच शब्द दिला बाईनं, असं वाटलं. नानांनी मात्र ते फार मनावर घेतलं. त्या थंडीत त्यांनी सोपानरावासाठी काय नाही केलं! कागदाला कुठे भोक आहे का बघितलं, दंव ठिबकतंय का म्हणून पहाटेचं चाचपलं, कुंडी बदलली, दक्षिणेकडं तोंड फिरवलं. त्या साली सोपानराव नेहमीसारखाच टुमटुमीत राहिला आणि नेहमीसारखाच फुलला नाही. त्याच्या पुढच्या सालीही तेच. नाना चैत्रात रोज दुपारी त्याच्यापुढे लाकडी पाटावर बसायचे. एकदा मी त्यांना त्याच्याशी बोलताना ऐकलं. "काय राग हाय का बाबा तुजा?" असं विचारत होते.

मग एका दसऱ्याच्या सुमारास माईंचे गुडघे गेले. आधीपासून कुरकुरत होतेच, आता पार बसले. डॉक्टरांनी जिना चढायचा नाही म्हणून सांगितलं. माईंचा पलंग पुढच्या खोलीत आला. दार उघडं ठेवून त्या तिथूनच रस्त्यावरच्या माणसांना पाणी विचारू लागल्या. नाना स्वयंपाक शिकले. दालचिनी कुठे ठेवलीय हे त्यांना आधीच माहीत होतं, बाकीचं माई पलंगावरून ओरडून सांगायच्या. घर दोघांच्या आवाजानं भरलेलं असायचं आणि मला भिंतीपलीकडून ते ऐकायला बरं वाटायचं.

त्या थंडीत माई एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारायच्या, ती मला तेव्हा विचित्र वाटली नाही. "ताई, वर गेल्तीस का? झाडं बरी हायेत का? त्यो कोपऱ्यातला लई सुकला का?" मी सांगायचे की हो माई, या वर्षी तोही सुकलाय. नाना काळजीत होते. सोपानरावाचे गाल पहिल्यांदाच बसले होते, अंगावर सुरकुत्या पडल्या होत्या. "म्हातारा झाला," नाना म्हणाले. "आता काय फुलतोय." माई छताकडे बघायच्या.

होळी झाली, पहिलं आवर्तन सुटलं. आणि एका रविवारी सकाळी नाना भिंतीवरून मला अशा आवाजात हाका मारू लागले की मी कणीक तशीच टाकून धावले. वाकून आत शिरले. सोपानरावाच्या माथ्यावर करड्या लोकरीतून बोंडं वर आली होती. एक नाही, कितीतरी. नाना हात जोडून उभे होते. मग भान आल्यासारखे जिन्याकडे धावले. "आगं! कळी! सोपानरावानं कळी धरली! जितलो मी!"

खालून नेहमीचं खोचक उत्तर आलं नाही. माई एवढंच म्हणाल्या, "बरं झालं."

फुलं उमलायला वेळ लागला. तेवढ्या दिवसांत नानांना भलतीच चिंता लागली. झाड खाली न्यायचं, तर कळी धरलेलं झाड हलवायचं नाही हा त्यांचाच कायदा. हलवलं आणि कळ्या गळल्या तर? आणि माईंना वर आणायचं, तर जिना. मी सुचवलं, मोबाईलवर फोटो दाखवू. नानांनी माझ्याकडे असं बघितलं की मी तो विषय सोडला.

शेवटी माईच म्हणाल्या, "शब्द दिलाय. येते मी."

ती दुपार मला जशीच्या तशी दिसते. नाना पुढे, मागे तोंड करून उलटे चढताहेत, दोन्ही हात माईंच्या हातात. मागे मी, हातात स्टूल घेऊन. दोन पायऱ्या झाल्या की स्टूल टेकवायचं, माई बसायच्या, हाश्श करायच्या, नानांना शिव्या घालायच्या, उठायच्या. "कुठं नेता मला या वयात. तुमच्या त्या गोठ्यापायी मरायची." नाना नवरदेवासारखे फुलले होते. "चल गं, आता थोडंच राह्यलं. वर गेलीस की दारातच थांब हां, मी आत हात धरून नेतो. पुढं दां..."

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत माईंनी शेवटची पायरी चढून त्यांचे हात सोडले, आणि भिंतीच्या आधारानं त्या सरळ शेडपाशी गेल्या. दार ढकललं, आत पाऊल टाकलं आणि मान खाली घालून दांडीखालून अलगद पलीकडे गेल्या. थांबल्या नाहीत, चाचपडल्या नाहीत. डाव्या हाताला पुढे आलेल्या शंकररावाच्या काट्यांपासून पदर आवरून घेतला आणि थेट टेलच्या कोपऱ्यात जाऊन सोपानरावापुढे उभ्या राहिल्या.

ठण्ण झालं नाही. ती शांतता नानांना माझ्याआधी ऐकू आली. ते दारातच उभे होते. साऱ्या चारीवर दरारा असलेला तो पाटकरी दांडीकडे बघत होता, मग माईंच्या पाठीकडे.

"आगं," ते हळूच म्हणाले, "तुला कसं ठावं दांडी कुठं हाय ते?"

माईंनी मागे वळून बघितलं नाही. सोपानरावाच्या माथ्यावर पिवळ्या रेशमी फुलांची गर्दी झाली होती, प्रत्येकाच्या मधोमध लाल ठिपका. "लागली हुती की," त्या म्हणाल्या. "पयल्या साली. लई लागली हुती. तुमाला सांगितलं, मोरीत पडले म्हनून."

"म्हंजी तू..."

"मीच द्यायची पानी. थंडीत. तुमी दुपारचं पारावर पेन्शनवाल्यांत जाऊन बसलात की तांब्या घेऊन यायची. ह्याला एकट्यालाच. बाकीच्यांना न्हाई दिलं हां कधी."

नाना दांडीखालून वाकून आत आले. एवढ्या वर्षांचा तो काटक गडी, ते वर राहिलेले गाल, पाणी न बघितलेली ती जात, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून जात असावं. मला हसू येत होतं आणि ते मी दाबत होते.

"ह्यालाच का गं?"

आता माई वळल्या. "सोपानराव आपल्या दारात आल्ता. हरभऱ्याला एक पानी द्या म्हनत हुता. पाट भरून चालल्ता, पन त्याची पाळी न्हवती. तुमी न्हाई म्हनालात. मी च्या ठिवला त्याला. अर्धा कप पिऊन उठून गेला त्यो, काय बोलला न्हाई. माझ्या दारातनं तसा कुनी गेला न्हवता कधी." त्यांनी सोपानरावाकडे हात केला. "आन् तुमी परत त्याचंच नाव ठिवलं, आन् परत त्याला पानी न्हाई. मला बघवंना."

नाना पाटावर बसले. चिमटा काढण्यासाठी हात खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला. माझं दाबलेलं हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

मग नानाच हसायला लागले. आधी नुसते खांदे, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "ताई," ते मला म्हणाले, "आख्खा कालवा राखला मी. आन् चोर घरात! वास न्हाई आला मला, वास!" माईंनाही हसू फुटलं. स्टूलावर बसून त्या पदरानं डोळे पुसत होत्या आणि म्हणत होत्या, "नजरंवरून वळखतात म्हनं." बराच वेळ ती दोघं तशीच हसत बसली. उठताना नानांनी सोपानरावाकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. एवढंच म्हणाले, "म्हंजी तुजं गुडघं गेलं, म्हनून ह्यो फुलला."

पुढच्या वर्षी माझी बदली नगरला झाली. सामानाचा टेम्पो निघायचा होता त्या दिवशी, ऐन जानेवारीत, दुपारी मी वाळत घातलेली शेवटची सतरंजी घ्यायला गच्चीवर गेले. शेडच्या दारावर पाटी होती: "पाट बंद आहे. विनंती करू नये." फळ्यांवरची सगळी मंडळी सुकून आखडून बसली होती. आणि पलीकडे टेलच्या कोपऱ्यात नाना वाकले होते. हातात माईंचा तांब्या. बेतानं, काट्यांवर थेंब उडू न देता, ते सोपानरावाच्या बुडाशी पाणी सोडत होते.

"नाना," मी भिंतीवरून म्हणाले, "अहो, अशानं या वर्षी फुलायचा नाही तो."

"न्हाई फुलायचा," नाना मान वर न करता, आनंदानं म्हणाले.

खालच्या खोलीतून माईंची हाक आली, "दिलं का वो?"

"दिलं गं, दिलं," नानांनी ओरडून सांगितलं, आणि तांब्यात उरलं होतं तेही ओतलं.